केबलवरील चित्र आणि कालकंप

घरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्र स्थिर दिसतें, गाणाऱ्याचे ओठ आणि त्याचा आवाज एकमेकांस धरून असतात, साडीचा लाल रंग लालच राहतो. यांत कांहीं विशेष आहे असें पाहणाऱ्यास वाटत नाहीं. आणि तसें न वाटणें हेंच ही यंत्रणा उभारणाऱ्यांच्या यशाचें लक्षण होय. परंतु हें स्थैर्य आपोआप येत नाहीं. केबलच्या एकाच तारेंतून शेंकडों कार्यक्रम घरांत येतात. प्रत्येक कार्यक्रमाचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि ते तुकडे इतर कार्यक्रमांच्या तुकड्यांत मिसळून, वाटेंत थांबत, रांगेंत उभे राहत, एकमेकांस वाट देत घरापर्यंत पोहोंचतात. इतक्या गर्दींतून आलेल्या तुकड्यांपासून सेकंदास बरोबर पंचवीस चित्रें, तींहि नेमक्या सारख्या अंतरानें, कशीं तयार होतात? तुकड्यांच्या येण्यांत थोडी अनियमितता आली तर काय बिघडतें? हा प्रश्न वरवर पाहतां केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक जुना आणि सर्वांच्या परिचयाचा प्रश्न आहे. एकमेकांपासून दूर असलेलीं दोन घड्याळें एकाच चालीनें कशीं चालवावीं, हा तो प्रश्न होय.

त्याचें मर्म कळण्यास प्रथम जुन्या पद्धतीकडे पाहणें इष्ट आहे. अॅनालॉग दूरचित्रवाणीची जी पद्धत भारतांत चालत असे, तिच्यांत प्रत्येक चित्र ६२५ ओळींचें असे व सेकंदास २५ चित्रें पाठविलीं जात. म्हणजे सेकंदास १५,६२५ ओळी होत. प्रत्येक ओळीच्या आरंभीं प्रेषक केंद्राकडून एक सूचक ठोका येई, आणि घरांतील संच त्या ठोक्यावर आपली चाल बांधून घेई. भजनांत टाळ वाजला कीं सर्वांचा ठेका त्यावर पडावा, तसा हा प्रकार होता. ओळ ज्या क्षणीं येई त्याच क्षणीं ती पडद्यावर काढावयाची. ओळीचें येणें हीच तिची वेळ. ती निराळी सांगण्याचें कारणच नव्हतें.

डिजिटल पद्धतीनें ही सोय नाहींशी केली. या पद्धतींत चित्राचें रूपांतर अंकांत होतें, आणि ते अंक जसेच्या तसे पाठविणें परवडत नाहीं म्हणून त्यांचा संक्षेप केला जातो. कांहीं चित्रें पूर्ण पाठवितात. त्यांच्या मागून येणाऱ्या चित्रांचा केवळ मागच्यापुढच्या चित्रांशीं असलेला फरक तेवढा कळवितात. पूर्ण चित्र हें अशा फरक-चित्राच्या अनेक पट मोठें असूं शकतें. मोठें चित्र तारेंतून येण्यास अधिक वेळ लागतो, लहान चित्र झटकन येतें. म्हणजे चित्राचें येणें आणि चित्राचें दिसणें या दोन गोष्टी येथें विभक्त झाल्या. आलेलें चित्र घरच्या पेटींत, म्हणजे सेट-टॉप बॉक्समध्यें, कांहीं काळ थांबवून ठेवावयाचें आणि त्याची वेळ भरली कीं दाखवावयाचें, असा क्रम आला. मुंबईंत केबलवरील अॅनालॉग प्रक्षेपणाची कायद्यानें ठरलेली मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजीं संपली. पुणें, नागपूर, नाशिक या शहरांची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. त्या तारखांनंतर या शहरांतील केबल घेणाऱ्या घरांना बॉक्स बसवावे लागले. बॉक्स आला तो केवळ वाहिन्या उघडण्याची किल्ली म्हणून, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः त्याच्याबरोबर प्रत्येक घरांत एक घड्याळ आलें, आणि तें घड्याळ दूरच्या केंद्रांतील घड्याळाशीं जुळवून ठेवण्याची जबाबदारीहि आली.

आतां तुकड्यांचें स्वरूप पाहावें. १९९० नंतरच्या पहिल्या पांच वर्षांत तयार झालेल्या एमपेग-२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीनें प्रत्येक कार्यक्रमाचे चित्र, ध्वनि व इतर माहिती यांचीं १८८ बाइटांचीं सारखीं पुडकीं बांधण्याचा नियम घालून दिला. प्रत्येक पुडक्याचा पहिला बाइट ७१ या ठराविक अंकाचा असतो. तो पाहून पुडकें कोठें सुरू झालें हें ओळखावयाचें. पहिले चार बाइट पत्त्यासारखे असतात. त्यांत तेरा बिटांचा एक क्रमांक असतो, आणि त्यावरून पुडकें कोणाचें हें कळतें. असे ८,१९२ क्रमांक होऊं शकतात. त्यांतील शेवटचा, ८,१९१ हा, रिकाम्या पुडक्यांसाठीं राखलेला आहे. पाठविण्यास कांहीं नसेल तेव्हां हीं रिकामीं पुडकीं पाठवून प्रवाहाची गति कायम राखतात.

अनेक कार्यक्रमांचीं पुडकीं एका प्रवाहांत गुंफणाऱ्या यंत्रास मल्टिप्लेक्सर म्हणतात. केबलवर ८ मेगाहर्ट्झ रुंदीची एक पट्टी नेहमींच्या चौसष्ट-बिंदूंच्या पद्धतीनें वापरली असतां तिच्यांतून सेकंदास सुमारें ३ कोटी ८१ लक्ष बिट जातात. एका पुडक्यांत १,५०४ बिट असतात. भागाकार केला असतां दिसून येतें कीं त्या पट्टींतून सेकंदास सुमारें २५ हजार पुडकीं जातात, आणि एका पुडक्यास तारेवर सुमारें ३९ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३९ दशलक्षांश, लागतात. साध्या स्पष्टतेचा एक कार्यक्रम सेकंदास ४० लक्ष बिटांचा धरला, तर असे आठ-नऊ कार्यक्रम एका पट्टींत मावतात. हा ३९ मायक्रोसेकंदांचा आंकडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पुढें सर्व त्रास त्यापासूनच सुरू होतो.

प्रत्येक चित्राबरोबर केंद्राकडून एक सूचना येते: घड्याळांत अमुक वेळ झाली कीं हें चित्र दाखवावें. ध्वनीसहि अशीच सूचना असते. पण ही वेळ कोणाच्या घड्याळाची? अर्थात् केंद्राच्या. बॉक्सला तें घड्याळ दिसत नाहीं. तेव्हां केंद्राचें घड्याळ बॉक्सपर्यंत पोहोंचविण्यासाठीं कांहीं पुडक्यांवर केंद्राची त्या क्षणाची वेळ छापून पाठवितात. तांत्रिक परिभाषेंत या नोंदीस पीसीआर म्हणतात. येथें तिला कालमुद्रा म्हणणें सोयीचें होईल.

हें कसें चालतें तें एका दृष्टांतानें स्पष्ट होईल. एका खेड्यांत भिंतीवरचें एक घड्याळ आहे, पण तें बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यास दुसरें साधन नाहीं. शहरांतला एक नातलग रोज एक कार्ड टाकतो व त्यावर लिहितो, ‘हें कार्ड पेटींत टाकतांना ठीक बारा वाजले आहेत.’ टपालास नेमके दोन दिवस लागत असतील, तर कार्ड हातांत पडतांच खेड्यांतल्या माणसानें आपलें घड्याळ बारावर आहे कीं नाहीं तें पाहावें. तें रोज दोन मिनिटें पुढें जात असेल तर तें लगेच कळेल, आणि लंबक किंचित् खालीं उतरवून चाल दुरुस्त करतां येईल. टपालास दोन दिवस लागतात याची येथें कांहींच अडचण नाहीं. चार दिवस लागले तरी चालेल. मात्र ते रोज सारखेच लागले पाहिजेत. कार्ड एके दिवशीं दहा मिनिटें लवकर, दुसऱ्या दिवशीं वीस मिनिटें उशिरां येऊं लागलें, कीं चूक घड्याळाची कीं टपालाची हें त्या माणसास कळणें कठीण होईल. आणि तो प्रत्येक कार्डावर भरंवसा ठेवून घड्याळाचे कांटे फिरवूं लागला तर चांगलें चालणारें घड्याळहि बिघडेल.

डिजिटल प्रवाहांतील या लवकर-उशिराच्या खेळास अभियंते जिटर म्हणतात. मराठींत त्यास कालकंप म्हणतां येईल. उशीर हा दोष नव्हे, उशिरांतील चढउतार हा दोष होय, हें या विषयाचें पहिलें सूत्र आहे. तें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व उपायांची संगति लागते.

केंद्राचें घड्याळ सेकंदास २ कोटी ७० लक्ष ठोके देतें. हा आंकडा मनास येईल तसा घेतलेला नाहीं. १९८२ साली ठरलेल्या डिजिटल चित्राच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार चित्राची उजळणी सेकंदास १ कोटी ३५ लक्ष वेळां मोजतात, आणि रंगाचे दोन घटक प्रत्येकीं त्याच्या निम्म्यानें. तिहींची बेरीज २ कोटी ७० लक्ष होते. कालमुद्रा बेचाळीस बिटांची असते. तिच्या तेहतीस बिटांच्या मुख्य भागाची गणना सेकंदास ९० हजारांच्या गतीनें होते, आणि उरलेले नऊ बिट प्रत्येक मोठ्या ठोक्याच्या पोटांतील तीनशें लहान ठोके मोजतात. घड्याळाचा कांटा बारावर येऊन पुन्हां एकपासून सुरुवात करतो, तशी ही गणना सुमारें साडेसव्वीस तासांनीं पुन्हां शून्यावर येते. प्रमाणानुसार दोन कालमुद्रांमध्यें एकदशांश सेकंदाहून अधिक अंतर असूं नये. युरोपांत तयार झालेल्या व भारतांतील केबलनें स्वीकारलेल्या डीव्हीबी पद्धतीची शिफारस तर ४० मिलिसेकंदांची आहे.

या मुद्रेंत चूक किती चालते? अधिकउणें ५०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ५०० अब्जांश. घड्याळाच्या ठोक्यांत सांगावयाचें तर साडेतेरा ठोके. घड्याळाच्या चालीविषयींहि असाच कडक नियम आहे. २ कोटी ७० लक्ष ठोक्यांत ८१० हून अधिक फरक असूं नये, म्हणजे दशलक्षांत तीस. हें प्रमाण फार सूक्ष्म वाटतें. परंतु दशलक्षांत तीस एवढा फरक बॉक्सच्या घड्याळांत तसाच राहूं दिला तर दिवसाकाठीं सुमारें अडीच सेकंदांची तफावत पडते, आणि दर २२ मिनिटांनीं एक संपूर्ण चित्र अधिक किंवा उणें होतें. बॉक्सचें घड्याळ कितीहि चांगलें असलें तरी केंद्राचें अनुकरण केल्यावांचून त्याचें भागत नाहीं, तें यामुळें.

आतां कालकंप कोठें जन्मतो तें पाहूं जातां पहिलें स्थान मल्टिप्लेक्सर हेंच आढळतें. अनेक फांटे ज्या ठिकाणीं एका मुख्य लोहमार्गास मिळतात, तेथील स्टेशनची कल्पना करावी. एका फांट्यावरची गाडी ठीक दहा वाजतां निघावयाची आहे, पण त्याच क्षणीं दुसऱ्या फांट्यावरची गाडी मुख्य मार्गावर चढली आहे. पहिल्या गाडीस ती पुढें जाईपर्यंत थांबणें भाग आहे. दोष कोणाचाच नाहीं. मार्ग एक आणि गाड्या अनेक, एवढेंच कारण. पुडक्यांचें असेंच होतें. कालमुद्रा असलेल्या पुडक्यास दुसऱ्या एकाच पुडक्यासाठीं थांबावें लागलें, तरी त्यास ३९ मायक्रोसेकंद उशीर झाला. परवानगी आहे ती अर्ध्या मायक्रोसेकंदाची. म्हणजे एका पुडक्याच्या खोळंब्यानें मर्यादा सुमारें अठ्ठ्याहत्तर पट ओलांडली गेली. आणि कार्यक्रम केंद्रापासून घरापर्यंत येतांना असे एक नव्हे, अनेक मल्टिप्लेक्सर ओलांडतो. उपग्रहावरून आलेल्या प्रवाहांतून हवे ते कार्यक्रम निवडावयाचे, रिकामीं पुडकीं काढून टाकावयाचीं, केबलची गति निराळी असल्यामुळें दुसरीं रिकामीं पुडकीं घालावयाचीं, स्थानिक वाहिन्या मिसळावयाच्या. या प्रत्येक कामांत पुडक्यांचीं परस्पर अंतरें बदलतात.

याचे परिणाम घरांत कसे दिसतात? जुन्या संचास बॉक्सकडून तारेनें रंगीत चित्र दिलें जातें, तेव्हां रंगाची ओळख एका उपलहरीच्या सूक्ष्म कालभेदावरून पटवावी लागते. पाल पद्धतींत ही उपलहर सेकंदास ४४,३३,६१८.७५ आवर्तनांची असून तिच्यांत पांच आवर्तनांहून अधिक फरक चालत नाहीं. ही उपलहर बॉक्स आपल्या घड्याळापासूनच तयार करतो. घड्याळ थरथरलें कीं उपलहर थरथरते, आणि रंगांत लाटा उठतात, किंवा संच रंग सोडून देऊन चित्र काळेपांढरें दाखवूं लागतो. नव्या संचांत ही उपलहर उरली नाहीं, म्हणून रंगाचें हें दुखणें मागें पडलें. परंतु दुसरें दुखणें तसेंच आहे. बॉक्समध्यें आलेल्या पुडक्यांचा सांठा असतो. साध्या स्पष्टतेच्या चित्रासाठीं हा सांठा १८,३५,००८ बिटांचा धरलेला आहे. बॉक्सचें घड्याळ मंद चाललें तर सांठा हळूहळू भरून वाहूं लागतो व पुडकीं नष्ट होतात. जलद चाललें तर सांठा रिकामा पडून चित्र थबकतें. चित्राचे चौकोन उधळलेले दिसतात, आवाजांत टक् टक् असा खंड पडतो.

ओठ आणि आवाज यांची फारकत हा तिसरा परिणाम. १९९८ च्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणें आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढें गेला, किंवा १२५ मिलिसेकंद मागें राहिला, तर पाहणाऱ्यास तें जाणवूं लागतें. आवाज मागें राहणें माणसास अधिक सोसतें, कारण दूरच्या वस्तूचा आवाज उशिरानें येणें हा निसर्गाचाच क्रम आहे; धोब्यानें कपडा आपटला तें आधीं दिसतें व आवाज मागून येतो. परंतु आवाज आधीं आणि ओठ मागून हा प्रकार निसर्गांत कोठेंहि नाहीं. ज्यांना कमी ऐकूं येतें आणि जे बोलणाऱ्याच्या ओठांवरून अर्धें समजून घेतात, त्यांच्या दृष्टीनें ही फारकत केवळ गैरसोय नसते. बातमी समजणें आणि न समजणें यांतील तें अंतर असतें.

उपायांचा विचार करतां ते तीन ठिकाणीं योजावे लागतात: जेथें कालकंप उत्पन्न होतो तेथें, वाटेंत, आणि शेवटीं घरांत.

पहिला उपाय मल्टिप्लेक्सरनें स्वतः करावयाचा असतो, आणि तो प्रामाणिक कारकुनाच्या कामासारखा आहे. प्रत्येक पुडकें आंत आलें तेव्हां व बाहेर गेलें तेव्हां मल्टिप्लेक्सर आपल्या घड्याळांत पाहतो. पुडक्यानें आंत नेमके पांच मिलिसेकंद राहावें असें ठरलें असेल, आणि खोळंब्यामुळें त्यास ३९ मायक्रोसेकंद अधिक लागले असतील, तर तो कालमुद्रेंतील आंकडा तेवढ्यानें, म्हणजे हजारावर कांहीं ठोक्यांनीं, वाढवून देतो. पत्र दहा मिनिटें उशिरां पोहोंचलें, पण त्यावरचा मजकूरहि दहा मिनिटांनीं दुरुस्त केला. तेव्हां वाचणाऱ्याची फसवणूक झाली नाहीं. चित्र केव्हां दाखवावें याच्या सूचनांस मात्र हात लावावा लागत नाहीं. त्या केंद्राच्या घड्याळाच्या आहेत, आणि दुरुस्त मुद्रेनें तेंच घड्याळ बॉक्सपर्यंत पोहोंचतें. ठराविक पांच मिलिसेकंदांनीं सर्वच गोष्टी सारख्या पुढें ढकलल्या जातात, एवढेंच. मल्टिप्लेक्सरचें स्वतःचें घड्याळ दशलक्षांत तिसांनीं चुकत असलें तरी पांच मिलिसेकंदांच्या मुक्कामांत ती चूक १५० नॅनोसेकंदांहून अधिक होत नाहीं, आणि ती मर्यादेंत बसते. येथें प्रमाणकारांची दूरदृष्टि दिसून येते. पैसे देऊन पाहावयाच्या वाहिन्यांचीं चित्रें गुप्त लिपींत असतात, पण कालमुद्रा ज्या भागांत असते तो भाग कधींच गुप्त केला जात नाहीं. म्हणून वाटेंतील कोणतेंहि यंत्र कुलूप न उघडतां मुद्रा दुरुस्त करूं शकतें.

दुसरा उपाय वाटेंतला. पूर्वीं कार्यक्रम ठराविक गतीच्या वाहिनीवरून जात. पुढें केबल कंपन्यांनीं शहरांतील निरनिराळ्या भागांत ते नेण्यासाठीं इंटरनेटच्या पद्धतीचें जाळें वापरण्यास आरंभ केला. या जाळ्यांत १८८ बाइटांचीं सात पुडकीं एका गठ्ठ्यांत बांधतात, कारण इथरनेटचा एक गठ्ठा १,५०० बाइटांपर्यंत मजकूर घेतो आणि सातांचे होतात १,३१६. परिणाम असा कीं सेकंदास ४० लक्ष बिटांच्या कार्यक्रमाचीं सात पुडकीं एकदम येतात, आणि पुढचा गठ्ठा सुमारें २.६ मिलिसेकंदांनीं येतो. जाळें अगदीं निर्दोष असलें तरी एवढा कंप गठ्ठे बांधण्यांतच आला. मर्यादेच्या तो सुमारें पांच हजार पट आहे. शिवाय जाळ्यांतील प्रत्येक चौकांत गठ्ठ्यांस इतर रहदारीसाठीं थांबावें लागतें तें निराळेंच.

यावर उपाय पाण्याच्या धारेनें समजण्यासारखा आहे. देवावर अभिषेकपात्र टांगलेलें असतें. त्यांत पाणी तांब्यातांब्यानें, जमेल तेव्हां ओततात. परंतु खालच्या बारीक छिद्रांतून धार एकसारखी पडत राहते. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. पात्रांत प्रथम पुरेसें पाणी सांठूं द्यावें लागतें, नाहींतर तांब्या येण्यास जरा उशीर झाला कीं धार तुटते. आणि सरासरीनें जितकें पाणी ओतलें जातें तितकेंच खालून गेलें पाहिजे, नाहींतर पात्र भरून वाहील किंवा कोरडें पडेल. केबलच्या टोंकाकडील यंत्र, जें शेवटीं प्रवाह तारेवर चढवितें, नेमकें असेंच पात्र बाळगतें. आलेले गठ्ठे तें कांहीं मिलिसेकंद, प्रसंगीं शंभर मिलिसेकंदांहूनहि अधिक, थांबवून धरतें. मग पुडकीं मोकळीं करून मूळच्या नियमित अंतरानें सोडतें व मुद्रा पुन्हां दुरुस्त करतें. कित्येक ठिकाणीं गठ्ठ्यांवरहि वेळेची निराळी नोंद असते. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या व २००३ सालीं सुधारलेल्या आरटीपी या नियमावलींत तिची योजना आहे.

पात्र जितकें मोठें तितका कंप अधिक जिरतो. पण तितकाच उशीरहि वाढतो. येथें फुकट असें कांहीं मिळत नाहीं. क्रिकेटचा सामना चालू असतांना शेजारच्या घरांतून ‘चौकार!’ अशी आरोळी आधीं ऐकूं यावी आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धांवतच असावा, हा अनुभव पुष्कळांचा आहे. त्याचीं कारणें अनेक असतात. निरनिराळ्या मार्गांवरील सांठ्यांचे निरनिराळे आकार हें त्यांपैकीं एक होय. सांठा किती ठेवावा हा प्रश्न म्हणूनच केवळ गणिताचा नसून तारतम्याचा आहे.

तिसरा आणि शेवटचा उपाय बॉक्सच्या पोटांत असतो. आलेली कालमुद्रा आणि बॉक्सच्या घड्याळांतील आंकडा यांची वजाबाकी करावयाची; बाकी जी राहील तिच्याप्रमाणें बॉक्समधील स्फटिकाचें कंपन किंचित् जलद किंवा मंद करावयाचें; पुढची मुद्रा आली कीं पुन्हां तेंच. या रचनेस फेज-लॉक्ड लूप असें नांव आहे. कल्पना जुनी आहे. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यानें १९३२ सालीं नभोवाणीच्या ग्रहणासाठीं ती मांडली. १९४३ सालीं वेंट आणि फ्रेडेंडॉल यांनीं दूरचित्रवाणीच्या संचांतील ओळींचा मेळ राखण्यास तिचा उपयोग वर्णिला. तीच युक्ति अर्ध्या शतकानंतर डिजिटल बॉक्समध्यें कामास आली.

या रचनेचें कौशल्य तिच्या गाळणींत आहे. प्रत्येक बाकीवर ताबडतोब विश्वास ठेवला तर वाटेंतला सर्व कंप घड्याळांत उतरेल. म्हणून बॉक्स अनेक मुद्रांची सरासरी पाहतो. एखादें कार्ड उशिरां आलें म्हणून सुज्ञ माणूस घड्याळाचे कांटे फिरवीत नाहीं. महिनाभर पाहून मग लंबकास हात लावतो, तसेंच हें. गाळणी बारीक केली तर कंप पुष्कळ गाळला जातो, परंतु केंद्राच्या घड्याळाच्या चालींत खरोखर फरक पडला तर तो उमगण्यास वेळ लागतो. गाळणी मोकळी ठेवली तर अनुकरण जलद होतें, पण कंपहि आंत येतो. वाहिनी बदलली कीं घड्याळ पुन्हां नव्यानें जुळवावें लागतें. तेथें सरासरीची वाट पाहत बसल्यास प्रेक्षक कंटाळेल. म्हणून पहिली मुद्रा येतांच बॉक्स ती जशीच्या तशी घेतो आणि त्यानंतर सूक्ष्म दुरुस्तीस लागतो. कार्यक्रमांत मध्येंच जाहिरात घालतांना केंद्राचें घड्याळच बदलत असेल, तर ‘येथून वेळ निराळी आहे’ अशी खूण पुडक्यावर केलेली असते. ही खूण विसरली तर बॉक्स त्या उडीस प्रचंड चूक समजून घड्याळ ओढूं लागतो, आणि निर्दोष चित्रहि कांहीं क्षण विस्कटतें.

इतक्या यंत्रांच्या सांखळींत बिघाड झाला तर दोष कोणाचा हें कसें ठरवावें? यासाठीं युरोपांत १९९७ सालीं मोजमापाचे नियम प्रसिद्ध झाले व पुढें ते वाढविण्यांत आले. त्यांत दोन मापें विशेष उपयोगाचीं आहेत. पहिलें माप पुडकें प्रत्यक्ष केव्हां आलें याकडे पाहत नाहीं. प्रवाहाची गति एकसारखी धरून, पुडक्याच्या स्थानावरून त्यावर कोणती वेळ छापलेली असावयास हवी होती तें काढतें, आणि छापलेल्या वेळेशीं ताडून पाहतें. दुसरें माप प्रत्यक्ष येण्याच्या वेळेशीं तुलना करतें. पहिलें माप चांगलें आणि दुसरें वाईट आलें, तर मुद्रा खऱ्या आहेत, पण जाळ्यानें पुडकीं खोळंबविलीं असें समजावें. पहिलेंच वाईट आलें, तर कोठल्या तरी मल्टिप्लेक्सरनें मुद्रा दुरुस्त करण्यांत कसूर केली आहे. अशा वेळीं पुढें कितीहि मोठा सांठा ठेवला तरी उपयोग नाहीं, कारण खोटा आंकडा थांबवून धरल्यानें खरा होत नाहीं. नाडी पाहून रोग रक्ताचा कीं पोटाचा हें वैद्यानें सांगावें, तसें या दोन मापांवरून अभियंत्यास दुखण्याचें ठिकाण कळतें. हें निदान न करतां जो केवळ बॉक्स बदलून देतो, तो ग्राहकाचें समाधान दोन दिवसांपुरतेंच करतो.

या सर्व व्यवस्थेचें सार असें कीं पुडकीं वाटेंत थांबणारच, गर्दींत उशीर होणारच. तो मुळींच होऊं नये असा आग्रह कोणतीहि सामाईक व्यवस्था पुरवूं शकत नाहीं. परंतु ज्याच्या हातून उशीर झाला त्यानें तो खरेपणानें नोंदवावा, वाटेंतल्यानें तो सांठ्यांत जिरवावा, आणि शेवटच्यानें एका पुडक्यावरून निर्णय न करतां अनेकांचा कल पाहावा. या तिहींपैकीं एकानें जरी आपलें काम दुसऱ्यावर ढकललें, तरी त्याचा भार शेवटीं घरांतल्या लहानशा स्फटिकावर पडतो, आणि तो तेवढा भार उचलूं शकत नाहीं. तिघांनींहि आपआपला वांटा उचलला, म्हणजे रात्रीच्या बातम्या लागतात, बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द बरोबर जुळतात, आणि पाहणाऱ्याचें लक्ष यंत्राकडे न जातां बातमीकडेच राहतें.